गणपतीत नेट का अडकतं? पॅकेटच्या रांगेचा हिशेब वहीत कसा मांडायचा

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या गिरणीवर मोदकाच्या पिठीसाठी डब्यांची रांग लागते. एरवी डबा ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत पीठ हातात. त्या आठवड्यात सकाळी ठेवलेला डबा दिवेलागणीला मिळतो. गिरण तीच, तिचा वेगही तोच. दळण काही दहापट वाढलेलं नसतं, फार तर दीडपट. तरीही वाट पाहणं कितीतरी पटींनी वाढतं.

त्याच आठवड्यात चाकरमानी गावात उतरतात आणि सड्यावरच्या टॉवरवरून वाडीत येणारं नेटही असंच अडकतं. आमच्या वाडीतल्या ऐंशी घरांची लाइन मी सांभाळतो. एका वर्षी पुरवठादाराने सांगितलं म्हणून डाउनलोडचा वेग दुप्पट करून घेतला. वाडीने वर्गणी काढून पैसे भरले. आणि पहिल्याच संध्याकाळी, ज्याला मुंबईहून यायला रजा मिळाली नव्हती त्याला आरती दाखवताना चित्र पूर्वीसारखंच गोठलं. अडत होतं ते अपलोडवर, आणि अपलोडला कोणी हातच लावला नव्हता. वहीच्या एका पानाच्या हिशेबात हे आधी कळलं असतं. तो हिशेब कसा मांडायचा ते इथे सांगतो. लागतं ते इतकंच: दहावीचं गणित, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड.

आधी गिरण ओळखा

आपण पाठवलेला फोटो किंवा कॉल लाइनवरून अखंड धारेसारखा जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. इथरनेटवर, म्हणजे राउटर-संगणक जोडणाऱ्या नेहमीच्या केबलच्या जाळ्यावर, पॅकेट साधारण १५०० बाइटपर्यंतचं असतं. राउटरच्या तोंडाशी एक पॅकेट बाहेर पडत असताना दुसरं आलं, तर ते थांबतं. थांबण्याची जागा म्हणजे बफर. लाइन ही गिरण, पॅकेट हा डबा, आणि डब्यातलं वजन म्हणजे पॅकेटचे बिट. मोठा डबा दळायला जास्त वेळ लागतो, तसं मोठं पॅकेट बाहेर पडायलाही.

पॅकेटला लागणारा एकूण वेळ चार ठिकाणी जातो: राउटरचा विचार करण्याचा वेळ, रांगेतला वेळ, लाइनवर चढण्याचा वेळ आणि प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ. पहिला बहुतेक वेळा नगण्य असतो. प्रवासाबद्दल आमच्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘आपण मुंबईपासून लांब, म्हणून नेट स्लो’ असं अगदी शिकलेली माणसंही म्हणतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. मुंबईपर्यंत ३५० किलोमीटर फायबर धरली तर जायला पावणेदोन मिलिसेकंद, जाऊन-येऊन साडेतीन. पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) ४०० मिलिसेकंद दाखवत असेल, तर त्याचं खापर अंतरावर फोडता येणार नाही. उरतात लाइनवर चढणं आणि रांग, आणि खरा खेळ या दोघांतच आहे.

पायरी १: दोन आकडे दोनदा लिहून घ्या

राउटरमध्ये बाहेरच्या लाइनच्या पोर्टवर दोन मोजणीचे आकडे असतात: किती बाइट गेले आणि किती पॅकेट गेली. जाणारे वेगळे, येणारे वेगळे. दोन्ही दिशांचे आकडे घड्याळ पाहून लिहा. बरोबर ३०० सेकंदांनी पुन्हा लिहा. वजाबाकी करा.

समजा अपलोडची लाइन १० एमबीपीएस (सेकंदाला १ कोटी बिट) आहे आणि त्या पाच मिनिटांत ३० कोटी बाइट व ३ लाख पॅकेट गेली. (हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत.) बाइटला पॅकेटने भागा: सरासरी पॅकेट १००० बाइटचं, म्हणजे ८००० बिटांचं. पॅकेटना सेकंदांनी भागा: सेकंदाला १००० पॅकेट येतात. हा आगमन-दर. लाइनच्या वेगाला पॅकेटच्या बिटांनी भागा: १,००,००,००० ÷ ८००० = १२५०. सेकंदाला इतकी पॅकेट बाहेर काढण्याची लाइनची ताकद आहे. हा सेवा-दर. आगमन-दर भागिले सेवा-दर म्हणजे भार. इथे तो ०.८, म्हणजे ८० टक्के.

रेडिओची लिंक असेल तर रेडिओच्या खोक्यावर छापलेला वेग धरू नका. दोन्ही टोकांना संगणक लावून प्रत्यक्ष जितकं जातं तेवढीच लाइनची ताकद धरा. या एका चुकीने पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पायरी २: सगळ्यात साधं सूत्र वापरा

रांगेचं गणित नेटच्या कितीतरी आधीचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ साली फोनच्या कॉलसाठी ते मांडायला सुरुवात केली. पॅकेटच्या जाळ्यासाठी हे गणित क्लाइनरॉकने अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या १९६२ सालच्या प्रबंधात वापरलं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावर पहिला संदेश गेला तो १९६९ च्या ऑक्टोबरात. म्हणजे जाळं उभं राहण्याच्या सात वर्षं आधी त्याच्या रांगेचा हिशेब कागदावर तयार होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

सर्वांत साध्या मॉडेलचं नाव एम/एम/१. त्यात पॅकेट एकमेकांशी न ठरवता, आपापल्या मनाने येतात असं धरलेलं असतं. त्यांची लांबीही कमीजास्त असते आणि खिडकी एकच. रांग आणि लाइनवर चढणं मिळून लागणारा सरासरी वेळ असा निघतो:

सरासरी वेळ = १ ÷ (सेवा-दर − आगमन-दर)

आपल्या उदाहरणात १ ÷ (१२५० − १०००) = १ ÷ २५० सेकंद, म्हणजे ४ मिलिसेकंद. आता सेवा-दर १२५० च ठेवून भार वाढवत न्या:

६० टक्के भार: २ मिलिसेकंद
८० टक्के: ४
९० टक्के: ८
९५ टक्के: १६
९८ टक्के: ४०
९९ टक्के: ८०

या सहा ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ६० वरून ८० टक्क्यांवर जाताना वेळ दुप्पट झाला, पण २ मिलिसेकंदांनी कोणाचं काही अडलं नाही. ९८ वरून ९९ वर जाताना वाहतूक जेमतेम एका टक्क्याने वाढली आणि ४० मिलिसेकंदांची भर पडली. गिरणीचंही हेच. दिवसभरात मोकळी राहणारी मिनिटं संपत आली की एकेक नवा डबा मागच्या सगळ्यांना थांबवतो. म्हणून लाइन विकत घेताना ‘सरासरी वापर किती’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘गर्दीच्या वेळी मोकळी जागा किती उरते’ हे विचारा.

सरासरीवर फार विसंबूनही चालत नाही. या मॉडेलमध्ये शंभरातल्या पाच पॅकेटना सरासरीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. कॉल तुटक ऐकू येतो तो या पाचांमुळे. बोलण्यासाठी एका दिशेचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. सगळा हिशेब त्या मर्यादेशी ताडून बघा.

भार १०० टक्के किंवा त्याहून जास्त निघाला, तर सूत्रातून शून्याने भागाकार किंवा उणे वेळ येतो. ही आकडेमोडीतली चूक नाही. रांग वाढतच जाणार, ती स्थिरावणार नाही, असं सूत्र सांगत असतं.

पायरी ३: पिंगवरून रांग मोजा

आता मला सगळ्यात आवडणारं सूत्र. १९६१ साली लिटलने ते सिद्ध केलं:

आत असलेली पॅकेट = आगमन-दर × आत लागणारा वेळ

पॅकेट कशी येतात, लांबी किती, क्रम कोणता, याची त्याला काहीही पर्वा नाही. गिरणीत तासाला सहा डबे येत असतील आणि प्रत्येकाला दोन तास लागत असतील, तर आत बारा डबे असणारच, मग गिरणीवाले आप्पा कोणाचं दळण आधी घेवोत. ९० टक्के भाराला ताडून बघा: ११२५ × ०.००८ = ९ पॅकेट.

आता उलटं करा. पहाटे, सगळं शांत असताना पुढच्या टोकाच्या राउटरला पिंग करा. समजा १० मिलिसेकंद आलं. संध्याकाळी आरतीच्या वेळी ४१० आलं. वाढलेले ४०० मिलिसेकंद रांगेतले. लाइन भरलेली आहे आणि मोठी, १५०० बाइटची पॅकेट जात आहेत. १० एमबीपीएसवर ती सेकंदाला ८३३ जातात. ८३३ × ०.४ = सुमारे ३३३ पॅकेट राउटरच्या पोटात ताटकळत आहेत.

आणि इथे मॉडेल आणि वास्तव यांची फारकत होते. एम/एम/१ ने ९० टक्क्यांना ९ पॅकेट सांगितली होती, आपल्याला दिसली ३३३. बहुतेक लेख इथे ‘प्रत्यक्षात थोडा फरक पडतो’ म्हणून पुढे सरकतात. हा फरक थोडा नाही. तो कुठून येतो हे कळलं की उपाय आपोआप दिसतो.

पायरी ४: फरकाची कारणं एकेक करून तपासा

पहिला संशय पॅकेटच्या लांबीवर घेऊ. पोलाचेक आणि खिंचिन यांचं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं सूत्र लांबीतला चढउतार हिशेबात घेतं. समजा निम्मी पॅकेट १५०० बाइटची आणि निम्मी १०० बाइटची आहेत. सरासरी ८००. प्रत्येक लांबीचा सरासरीपासूनचा फरक ७००, त्याचा वर्ग ४,९०,०००. त्याला सरासरीच्या वर्गाने, म्हणजे ६,४०,००० ने भागा: ०.७७. यात १ मिळवून निम्मं करा: ०.८८. रांगेतला वेळ साध्या मॉडेलच्या ०.८८ पट येतो, म्हणजे जवळजवळ तितकाच. सगळी पॅकेट एकाच लांबीची असती तर तो निम्मा झाला असता. लांबी निर्दोष सुटली.

दुसरा संशय येण्याच्या पद्धतीवर. पॅकेट खरंच आपापल्या मनाने येतात का? एक व्हिडिओ पाठवला की शेकडो पॅकेट पाठोपाठ येतात, मग काही क्षण शांतता. बाजारपेठेच्या एसटीतून उतरलेली वीस माणसं एकदम गिरणीत शिरावीत, तसं. मोजायचं असं: लाइनवरची पॅकेट काही मिनिटं टिपून घ्या, १०० मिलिसेकंदांचे खण पाडा, प्रत्येक खणात किती आली ते मोजा. मग या आकड्यांचं प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) भागिले सरासरी. पूर्ण स्वैर येणं असेल तर उत्तर १ च्या आसपास येतं. खण १० मिलिसेकंदांचा करा, १ सेकंदाचा करा, तरी १ च राहतं. खऱ्या लाइनवर खण मोठा करत गेलं की हा आकडा वाढत जातो. बेलकोअर या अमेरिकेतल्या दूरसंचार संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटची वाहतूक मोजून हेच दाखवलं: तिचे उंचवटे काळाची पट्टी मोठी केली तरी सपाट होत नाहीत.

हा आकडा १९६१ च्या किंगमनच्या अंदाजात ‘येण्याचा चढउतार’ म्हणून घाला; ‘लांबीचा चढउतार’ म्हणजे वरचा ०.७७:

रांगेतला वेळ ≈ (भार ÷ (१ − भार)) × ((येण्याचा चढउतार + लांबीचा चढउतार) ÷ २) × एका पॅकेटचा वेळ

८०० बाइटचं पॅकेट १० एमबीपीएसवर ०.६४ मिलिसेकंद घेतं. भार ८० टक्के. येण्याचा चढउतार १ असेल तर ४ × ०.८८ × ०.६४, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंद. तोच १० असेल तर ४ × ५.३९ × ०.६४, म्हणजे जवळपास १४. भार तोच, लाइन तीच, पण वेळ सहापट. हा अंदाज भरलेल्या लाइनसाठी आहे, रिकाम्या लाइनवर तो वापरू नका.

याच कारणाने पाच मिनिटांच्या सरासरीचे आलेख फसवतात. तीन मिनिटं १०० टक्के आणि दोन मिनिटं ५० टक्के याची सरासरीही ८० च येते. त्या तीन मिनिटांतच आरती झालेली असते.

तिसरं कारण सर्वांत मोठं आहे. आपण आतापर्यंत असं धरलं की पाठवणारा रांगेकडे न बघता पाठवत राहतो. टीसीपी, म्हणजे फोन-संगणकातला पॅकेट पाठवण्याचा नियम, तसं करत नाही. पॅकेट हरवत नाही तोवर तो वेग वाढवत जातो. बफर मोठं असेल तर ते पूर्ण भरल्याशिवाय काही हरवतच नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीत इथरनेट पोर्टवर वर्षानुवर्षं १००० पॅकेटची रांग ठरलेली असायची. १००० × १५०० × ८ = १ कोटी २० लाख बिट. १० एमबीपीएसने ते रिकामं व्हायला १.२ सेकंद. एकच जण मोठा व्हिडिओ चढवत बसला, तरी बाकी एकोणऐंशी घरांचं प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला लागतं. आमच्याकडचे ४०० मिलिसेकंद इथून आले होते.

पायरी ५: पावसाळ्यासाठी वेगळा हिशेब

पॅकेट रांगेमुळे नाही तर लिंकच्या दोषाने हरवत असतील, तर गणित बदलतं. १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी टीसीपीचा कमाल वेग असा मांडला:

वेग ≈ १.२२ × पॅकेटचे बिट ÷ (जाण्यायेण्याचा वेळ × गळतीचं वर्गमूळ)

पॅकेटमधला कामाचा मजकूर १४६० बाइट म्हणजे ११,६८० बिट, जाण्यायेण्याला ४० मिलिसेकंद, गळती शंभरात एक. ०.०१ चं वर्गमूळ ०.१. १४,२५० ÷ ०.००४ = सुमारे ३५.६ लाख, म्हणजे साडेतीन एमबीपीएस. लाइन ५० ची असो की १०० ची, एका डाउनलोडला साडेतीनच. गळती दहा हजारात एकवर आणली की तोच वेग साडेपस्तीसवर जातो. नवीन पद्धतीचे टीसीपी या सूत्राबरहुकूम वागत नाहीत, पण दुखणं कुठे आहे हे सांगायला ते पुरतं.

‘पाऊस लागला की नेट जातं’ याचं कारण बहुतेक वेळा पावसाचे थेंब नसतात. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओला थेंबांचा त्रास अगदी कमी, १० च्या वर गेलं की तो वाढतो. आमच्या लिंकवर श्रावणात गळती दिसली तेव्हा मी खांबावर चढून कनेक्टर उघडला. चिकटपट्टी एका कडेने सुटली होती, तांब्याच्या टोकावर हिरवट थर चढला होता आणि आत पाण्याचा थेंब होता. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यापुढे साधी चिकटपट्टी टिकत नाही. आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळा, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. लिंकच्या रेषेत आलेली आंब्या-फणसाची फांदी भिजल्यावर सिग्नल खाते, तीही मृगाच्या आधी छाटा.

पायरी ६: चाकरमानी धरून लाइन किती लागेल?

ऐंशी घरं. एरवी संध्याकाळी कुठल्याही क्षणी दहातलं एक घर अपलोड करतं असं समजा. सरासरी ८ घरं. चढउतार काढायला ८० × ०.१ × ०.९ चं वर्गमूळ, म्हणजे २.७. सरासरीत याची दुप्पट मिळवली की १३ घरं. प्रत्येकाला अर्धा एमबीपीएस धरला तर साडेसहा. १० ची लाइन पुरून उरते, भार ६५ टक्के.

गणपतीत दहातली तीन घरं धरा. सरासरी २४, वर्गमूळ ४.१, वरची मर्यादा ३२ घरं. गरज १६ एमबीपीएस, लाइन १० ची. भार १ च्या वर. अशा वेळी पहिल्या पायरीतली दोन्ही दिशांची नोंद पुढे ठेवा. आमच्या वहीत डाउनलोड ५० टक्क्यांच्या खाली होतं आणि वाढवलं गेलं होतं तेच. दहातली तीन हा माझा अंदाज. तुमच्या वाडीचा आकडा अनंत चतुर्दशीपर्यंत रोज रात्री आठला मोजला की मिळेल.

वाटेत एकाहून जास्त लिंक असतील, जसं वाडी ते सडा, सडा ते तालुका, तर प्रत्येकीचा वेळ वेगळा काढून बेरीज करा. जॅक्सनने १९५७ मध्ये दाखवल्याप्रमाणे ठराविक अटींत ही बेरीज बरोबर ठरते. त्या अटी आपल्याकडे पूर्ण होत नाहीत, पण कोणती लिंक आधी तुंबणार हे मात्र अचूक कळतं, आणि पैसे तिथेच घालायचे असतात.

पायरी ७: पैसे घालण्याआधी रांग आपल्या ताब्यात घ्या

लाइन १० ची असेल तर आपल्या राउटरवर अपलोडची मर्यादा ९ लावा. त्यामुळे रांग पुढच्या कोणाच्या तरी मोठ्या बफरमध्ये न साचता आपल्याकडे राहते. त्या रांगेवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी पद्धत चालू करा. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत ते एसक्यूएम नावाने मिळतं, मायक्रोटिक कंपनीच्या राउटर-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतही आहे. निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेली कोडेल पद्धत रांगेची लांबी बघत नाही. पॅकेट किती वेळ थांबलं ते बघते. थांबणं १०० मिलिसेकंदांच्या काळात सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देते, आणि टीसीपी वेग कमी करतो. ‘एफक्यू’ हा भाग प्रत्येक वाहतुकीची वेगळी रांग लावतो, त्यामुळे मोठा व्हिडिओ चढवणाऱ्याच्या मागे कॉलचं छोटं पॅकेट अडकत नाही. गिरणीत आप्पाही पोत्याच्या मध्ये शेजारच्या वहिनींचा किलोभर डबा घेतात, ते याच विचाराने.

याने १६ ची गरज ९ मध्ये मावत नाही. ३२ घरं असतील तर प्रत्येकाला पावणेतीनशे केबीपीएसच मिळणार, चित्र धूसर होणार. पण ते गोठणार नाही आणि आवाज तुटणार नाही.

मर्यादा लावल्यावर तिसरी पायरी पुन्हा करा: आरतीच्या वेळी पिंग, पहाटेचं पिंग, वजाबाकी. आमच्याकडे ४०० चे १५ झाले. वजाबाकी अजून शंभराच्या वर असेल तर मर्यादा साडेआठवर आणा, तरी उतरली नाही तर रांग दुसऱ्या लिंकवर आहे, तिथे जाऊन पहिल्या पायरीपासून आकडे घ्या. आणि वाढीव लाइन मागायला जाल तेव्हा अर्जात डाउनलोड आणि अपलोड असे दोन वेगळे आकडे लिहा, सोबत वहीतलं ते पान जोडा.